डावीकडे सोळा

१

गाडीचा एसी कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो माणूस. पंचवीस वर्षं मी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आलोय. बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं गॅरेज आहे, पाटीवर ‘जोतीराम कार एसी’ असं लिहिलंय, आणि तेवढंच काम मी करतो. इंजिनाला हात लावत नाही. गिऱ्हाईक आलं की त्याला आधी बोलूच देत नाही. हवेच्या प्रत्येक जाळीत एक थर्मामीटर खोचतो, गाडी पाच मिनिटं चालू ठेवतो आणि आकडे खडूने काचेवर लिहितो. ‘गॅस संपलाय’ म्हणत आलेल्या निम्म्या लोकांचा गॅस भरलेलाच असतो. फिल्टरमध्ये उंदराने घर केलेलं निघतं. मग माझी जीभ सुटते. त्यापायी काही गिऱ्हाइकं तुटलीत, पण जो पार्ट चांगला आहे तो खराब सांगून मी कुणाच्या गळ्यात नवा मारलेला नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला दिग्विजय आला. राहणारा इंदापूरच्या पुढच्या बावड्याचा, वय चाळिशीच्या आत, गाडी मोठी, पांढरी, दोन वर्षांची. डोक्यावर टोपी होती आणि टोपीखाली केस नुकते फुटू लागले होते. घरातलं कुणीतरी गेलंय हे मी ओळखलं, पण विचारलं नाही.

“डावीकडं गरम हवा येती मिस्त्री. उजवीकडं गार. आकडा आपोआप चढतोय.”

या गाड्यांना दोन हवामानं असतात. चालवणाऱ्याचं वेगळं आणि शेजारी बसणाऱ्याचं वेगळं. नवराबायकोची भांडणं मिटावीत म्हणून काढलेली सोय, असं मी म्हणतो. मधोमध दोन गोल नॉब, एकेका बाजूचा एकेक. सोळा अंशांपासून तीसपर्यंत. एक अंश म्हणजे एक खटका. डॅशबोर्डच्या आत दोन झडपा असतात, त्या गार आणि गरम हवा कमीजास्त मिसळतात, आणि प्रत्येक झडपेला एक काड्यापेटीएवढी मोटर असते. या तक्रारीत दहापैकी नऊ वेळा त्या मोटरच्या प्लास्टिकच्या चाकाचे दात तुटलेले असतात.

“टकटक आवाज येतो का आतनं?” मी विचारलं.

तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. “व्हय. येतो.”

“मग झालं. चाकाचे दात गेलेत.”

त्याने एवढा मोठा श्वास सोडला की मला हसू आलं. “म्हंजी गाडीतच बिघाड हाय? नक्की?”

“गाडीत न्हाय तर काय माझ्यात हाय?”

तो हसला नाही. त्याने तेच आणखी दोनदा विचारलं.

२

गॅरेजात मात्र काहीच सापडलं नाही. दोन्ही बाजू सोळावर ठेवल्या तर दोन्हीकडच्या जाळ्यांतून सहा-सात अंशांची हवा येत होती. डावी चोवीसवर नेली, तिकडची हवा तेवढी कोमट झाली. स्कॅनर लावला, एकही चूक दाखवेना. झडप लोण्यासारखी फिरत होती. टकटक तर नावाला नाही.

“शोरूमवालं बी हेच म्हणलं,” दिग्विजय म्हणाला. “हितं उभी केल्यावर न्हाय हुत. रस्त्याला लागल्यावर हुतं. सणसरच्या म्होरं गेलं की.”

“गाडीला आता गावं बी कळाय लागली व्हय?”

“तुमीच बघा चालवून. डावीकडं सोळा लावा अन् निमगाव केतकीपतुर जाऊन या.”

“चला की मग, दोघं जाऊ.”

“मी न्हाय येत,” तो म्हणाला. “मी बसतो हितंच.”

आपल्या लाखामोलाच्या गाडीची चावी परक्याच्या हातात देऊन पत्र्याच्या शेडमध्ये, बेचाळीसच्या उन्हात कुणी बसत नाही. गिऱ्हाईक मागे लागून येतं, गिअर कसा टाकता तेही बघतं. हा मात्र स्टूल ओढून भिंतीकडे तोंड करून बसला. मला ते खटकलं. पण मी म्हटलं, घरात दुःख आहे, असेल एखाद्याचं असं.

३

मी एकटाच निघालो. उजवीकडे चोवीस, डावीकडे सोळा. चारही जाळ्यांत थर्मामीटर. शेजारची सीट रिकामी होती आणि तिची पाठ थोडी मागे झुकवलेली होती. ती सरळ करायचं मनात आलं, पण राहून गेलं.

भवानीनगरपर्यंत सगळं ठीक. सणसर मागे पडलं आणि आवाज आला.

टक.

मी कान दिला. टक, टक, टक. पडद्यावर डावीकडचा आकडा सोळाचा सतरा झाला, अठरा झाला, वीस झाला. मी खटके मोजले. चौदा. आकडा तीसवर जाऊन थांबला आणि डावीकडच्या जाळीतून भट्टीसारखी हवा सुटली. थर्मामीटर सहावरून अठ्ठेचाळीसवर गेला.

मला आधी आनंदच झाला. रोग सापडला म्हणजे औषध सापडलं. पण मग डोक्यात दुसरा विचार आला. तुटलेल्या चाकाचा आवाज डॅशबोर्डच्या आतून, पायांच्या वरून येतो. हा आवाज समोरून आला होता. नॉबमधून. नॉबवर एक पांढरी रेघ असते. निघताना ती डावीकडे टेकलेली होती, आता उजवीकडे टेकली होती. त्या नॉबला मोटर नसते. तो फक्त बोटांनी फिरतो.

रस्त्याच्या खड्ड्याने फिरला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. चौदा खटके, एका दिशेने, खड्ड्याने! दुसऱ्या कुणी हे मला सांगितलं असतं तर त्याला मी गॅरेजाबाहेर काढला असता. मी नॉब पुन्हा सोळावर आणला.

लासुर्णे गेलं. अंथुर्णे आलं. पुन्हा खटका. या वेळी मी मान वळवून नॉबकडे बघायला हवं होतं. पंचवीस वर्षांचा कारागीर मी, तेवढंच माझं काम होतं. पण मी बघितलं नाही. मी रस्त्याकडे बघत राहिलो, कारण मला भीती वाटली. खटके आता सावकाश येत होते. एक, मग थोडा दम, मग दुसरा. म्हातारं माणूस जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबतं तसे.

तेवढ्यात डावीकडच्या खिडकीकडे नजर गेली. काचेवर आतून वाफ धरली होती. तळहाताएवढी, बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल तिथे. एसी चालू असताना काच आतून अशी धुरकटत नाही. एसी हवेतलं पाणी शोषून घेतो, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि ती वाफ एका जागी नव्हती. लहान होत होती, मग पुन्हा मोठी होत होती.

मी आकडा पुन्हा सोळावर आणला. का आणला, ते आजही मला नीट सांगता येत नाही. चाचणी घ्यायची होती, एवढंच डोक्यात होतं.

निमगाव केतकीच्या बाजाराजवळ तिसऱ्यांदा आवाज आला. टक. बऱ्याच वेळाने आणखी एक, टक. सोळा, सतरा, अठरा. मी एकोणिसाव्याची वाट बघत राहिलो. तो आलाच नाही. काचेवरची वाफ लहान होत गेली आणि मोठी झाली नाही.

मी इंदापूरपर्यंत गेलो, तिथून परत आलो. एकही खटका नाही. अठरा ते अठराच.

४

परत आल्यावर मी थेट डॅशबोर्ड उघडला. दोन तास लागले. डावीकडची मोटर काढली, चाक हातात घेतलं. सगळे दात शाबूत, नव्यासारखे. नॉब खोलला. आत कार्बन नाही, ओल नाही, वायर कुठे घासलेली नाही. मी सगळं दोनदा तपासलं, कारण मला काहीतरी सापडायला हवं होतं.

दिग्विजय मागे येऊन उभा राहिला.

“किती वेळा झालं?”

“तीनदा.”

“तिसऱ्यांदा अठरापतुरच गेलं?”

हे मी त्याला सांगितलं नव्हतं. खडूने काचेवरही लिहिलं नव्हतं.

“तुमाला कसं म्हायती?”

तो खाली, दाराच्या पायरीवर बसला. टोपी काढून हातात धरली.

“पयल्यांदा झालं तवा बी असंच झालं व्हतं,” तो म्हणाला.

५

त्याचे वडील आबासाहेब. बारामतीला दवाखान्यात बारा दिवस होते. मग डॉक्टरांनी सांगितलं की आता घरी न्या, काय सेवा करायची ती करा. एप्रिल संपत आला होता. दिग्विजयने त्यांना या गाडीत पुढे, डाव्या सीटवर बसवलं, सीट मागे झुकवली, पट्टा लावला. आई, प्रयागबाई, त्याच्या मागच्या सीटवर बसली.

“आबांनी माझा हात धरून सांगितलं व्हतं मिस्त्री. मला माझ्या घरात मरू दे. आमच्याकडं बाहेर जीव गेलेल्याला उंबऱ्याच्या आत घेत न्हाईत. अंगणातच ठिवत्यात, तितनंच नेत्यात. ते घर त्यांनी सोताच्या हातानं बांधलं. दगूड न् दगूड. म्हणले, मला अंगणात नगं ठिवूस.”

“मग?”

“बारामती सोडली न्हाय तवर त्यांची मान पडली. मी गाडी बाजूला घेतली. नाकाखाली बोट धरलं.” त्याने आपलं बोट मला धरून दाखवलं. “काईच कळंना. एसीचाच वारा लागत व्हता बोटाला. सगळा गार. हात धरला तर तो बी गार. मला वाटलं, संपलं.”

माझ्या हातात अजून ती मोटर होती. ती मी खाली ठेवली.

“आईला न्हाय सांगितलं. तिनं हंबरडा फोडला असता, गावाच्या आधीच कळलं असतं सगळ्यांना. म्हणलं, झोपलेत. आत नेऊ, भुईवर घिऊ, मग सांगू. कुणाला काय कळतंय? बहीण नागपुरासनं निघाली व्हती, तिला पोचाय रात हुणार. ऊन ह्ये असं, तवर देह टिकाय पायजे. म्हणून त्यांच्या बाजूला सोळा केलं. माझ्याकडं चोवीसच ठिवलं.”

त्याने टोपी हातात फिरवली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

“सणसरच्या म्होरं आकडा आपोआप तीसवर गेला. मी म्हणलं, बिघडला वाटतं. परत सोळा केलं. अंथुर्ण्याला परत गेला. परत केलं. निमगावला अठरावर गेला, ते बी खाली आणलं. मागनं आई म्हणली, त्यांना गार लागत असंल रं, कमी कर जरा. मी म्हणलं, न्हाय लागत.”

“अन् घरी?”

“घरी आत घेतलं. तोंडात पाणी घातलं. गावातलं डॉक्टर आलं, म्हणलं, गेले, आत्ताच गेलेत. मला वाटलं, चांगला माणूस हाय, आमची लाज राखतोय.” त्याने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं, आणि ते मला नको होतं. “सगळं गाव म्हणलं, पुण्यवान माणूस, सोताच्या घरात गेला. मिस्त्री, ती मोटर त्या दिशीच बिघडली असंल ना? त्याच्या आधीच बिघडली असंल. दात तुटले असतील. तुमीच म्हणला सकाळी.”

मी मोटरवर फडकं टाकलं.

६

पत्र्याच्या डब्यात माझ्याकडे जुन्या मोटरी पडलेल्या असतात. मी शेडच्या मागच्या बाजूला गेलो, त्यातली एक उचलली, तिचं चाक बघितलं. चार दात गेलेले होते.  

“ही बघा,” मी बाहेर येऊन म्हणालो. “आत पार भुगा झालाय. हीच फिरवत व्हती सगळं. वरसभर तरी खराब असंल.”

त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. तुटलेल्या दातांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग रडायला लागला. मोठ्याने, लहान पोरासारखा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो रडायचा थांबेपर्यंत काढला नाही.

“माझंच डोकं फिरलं व्हतं मिस्त्री. दोन म्हयनं झालं मला झोप न्हाय बगा.”

दोन महिने झालेच नव्हते, जेमतेम एक झाला होता.  त्याचीच चांगली मोटर परत बसवली, नवी म्हणून. आणि निघताना एक गोष्ट सांगितली.

“डावीकडं सोळा लावू नका. सव्वीसच्या खाली नेऊच नका. नवी मोटर नाजूक असती.”

असली कुठलीही मोटर नाजूक नसते. त्याने ती जुनी मोटर रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. तो गेल्यावर मी काचा पुसायचं फडकं घेतलं आणि अंधार पडेपर्यंत हात पुसत बसलो.

७

आठ दिवसांनी गाडी परत आली तेव्हा मला वाटलं, पुन्हा झालं. पण दिग्विजय हसत उतरला. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं.

“एकदा बी न्हाय झालं मिस्त्री! रोज येतोय न् जातोय. ही डाळिंबं हायत आमच्या बागेतली.” त्याने मोठी पेटी उतरवली आणि आत शेडमध्ये नेऊन ठेवायला गेला.

डाव्या सीटवर प्रयागबाई बसल्या होत्या. सत्तरीतल्या, बारक्या, पाठीत वाकलेल्या. एवढ्या उन्हात मांडीवर जाड शाल घेतलेली, हात शालीखाली. मी दाराजवळ जाऊन नमस्कार केला. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“तुमीच का ते मिस्त्री? लई बरं केलंत. पोरगं जेवाय लागलं.”

“माझं काय त्यात मावशी. पार्ट खराब व्हता.”

“न्हवता,” त्या म्हणाल्या.

मी शेडकडे बघितलं. दिग्विजय आत पेटीला जागा शोधत होता.

“मी मागं बसले व्हते. मला त्यांचा हात दिसत व्हता,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तीनदा उचलला त्यांनी. त्या बटनाकडं नेला. दोघांचं कायमचंच असायचं ओ ते. ह्यांना गार सोसायचं न्हाय, पोराला उकडायचं. ह्यांनी वाढवायचं, त्यानं कमी करायचं. मला वाटलं, पोराला दिसतंय. बापलेकाची थट्टा चाललीय. मी मागं बसून हसले मिस्त्री. हसले मी.”

मी पुन्हा शेडकडे बघितलं.

“त्याला सांगू नगासा,” त्या म्हणाल्या. “त्यानं ती मोटर देव्हाऱ्यात ठिवलीय.”

दिग्विजय आला, आत बसला, गाडी चालू केली. मी खिडकीशीच उभा होतो. त्याने आईच्या कपाळाकडे बघितलं. ते घामाने डबडबलं होतं.

“आये, किती घाम आलाय तुला. थांब जरा वाईच गार करतो. आता काय हुत न्हाय मोटरला.”

मी ‘नको’ म्हणेपर्यंत त्याने नॉब फिरवला. सव्वीसवरून सोळावर. डावीकडच्या जाळीतून गार हवा सुटली आणि शालीच्या दशा हलल्या. तो पट्टा लावायला उजवीकडे वळला.

टक.

तो पट्टा हातात धरून तसाच थांबला. टक. टक. सावकाश, दम घेत. पडद्यावर सतरा, अठरा, एकोणीस. हे माझ्या गॅरेजात, उभ्या गाडीत, भर दुपारी होत होतं, आणि प्रयागबाईंचे दोन्ही हात शालीखाली होते. ते मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो.

दिग्विजयची मान वळायला लागली. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मला दिसलं. मान पूर्ण वळायच्या आत म्हातारीने उजवा हात बाहेर काढला आणि पुढे नेला.

“मीच फिरवलं रं,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा होता. “मला गार लागतंय.”

त्याचा हात सवयीने नॉबकडे आला, कमी करायला. त्यांनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं.

“असू दे आता. वाढू दे.”

तो आईकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मी मान हलवली, म्हणजे काय ते मलाही माहीत नव्हतं. “बरं आये,” तो म्हणाला आणि त्याने हात मागे घेतला. खटके चालूच राहिले, पार तीसपर्यंत. प्रयागबाईंच्या कपाळावरचा घाम गालावर आला, पण त्यांनी तो पुसला नाही. त्यांचा हात तिथेच होता. मी वाकून बघितलं, आणि बघायला नको होतं. तो हात नॉबला टेकलेला नव्हता. नॉबच्या चार बोटं वर होता, वळलेला, कुणाच्या तरी हातावर ठेवावा तसा.

गाडी हळूच रस्त्याला लागली आणि इंदापूरच्या बाजूला वळली.